पावसाळाभर हात न लावता सायकलच्या लाईटची बॅटरी कशी गेली?

खानापूर तालुक्यातल्या एका सायकलस्वारांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांच्याकडे दोन लाईटी आहेत. पुढची हँडलवर लागते. तिचा दोन सेलचा पॅक वेगळा असतो आणि वायरीनं जोडायचा असतो. मागची छोटी लाल, बॅटरी आतच बसवलेली, यूएसबीवर चार्ज होणारी. जूनमध्ये पावसानं जोर धरला तसा त्यांनी दोन्ही लाईटी फुल चार्ज केल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि माळ्यावर नेहमीच्या जागी ठेवल्या. खंडेनवमीला सायकल धुऊन पूजेला काढली तेव्हा लाईटीही खाली आल्या. पुढची पूर्वी मोठ्या उजेडावर दोन तास चालायची, ती आता चाळीस मिनिटांत बसते. मागची लागतच नाही. चार्जिंगला लावली की तांबडा ठिपका लुकलुकतो आणि बंद पडतो. ते विचारतात, "वापरलीच नाही तर खराब झाली कशी? आणि नवी घेतली तर महिन्याला एकदा पूर्ण उतरवून परत भरायची, असं सगळे सांगतात, ते करू का?"

मी बेळगावात बॅटरी पॅक जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करते. इमर्जन्सी दिवे, विजेऱ्या, फवारणीचे पंप, सायकलच्या लाईटी, असं सगळं टेबलावर येतं. स्वतः पहाटे राकसकोपच्या रस्त्याला सायकल घेऊन जाते, त्यामुळे अंधारात वळणावर लाईट गेली तर काय होतं हे मला कुणी सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या दरम्यान नेमकी हीच तक्रार घेऊन माणसं येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, प्रश्न थोडा वेगळ्या बाजूनं बघू या. लिथियम बॅटरी वापरानं झिजते हे खरं, पण आपल्यासारख्या आठवड्यातून तीन-चार वेळा सायकल चालवणाऱ्यांची बॅटरी बहुतेक वेळा वापरानं जात नाही, ती पडून राहिल्यानं जाते. आणि पडून राहण्याचे वाईट प्रकार दोन: फुल भरून उष्णतेत पडणं आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडणं. तुमच्या दोन लाईटींना दोन वेगवेगळे रोग झालेत असा माझा अंदाज आहे. पुढच्या लाईटला पहिला, मागच्या लाईटला दुसरा.

आत काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. या सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडचा, आणि मध्ये एक द्रव. चार्ज करताना लिथियमचे कण ग्राफाइटच्या पापुद्र्यांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. ग्राफाइटवर एक पातळ साय धरलेली असते. ती साय हवीच, तिच्यामुळेच सेल टिकतो. पण सेल जितका जास्त भरलेला आणि जितका जास्त गरम, तितकी ती साय जाड होत जाते, आणि प्रत्येक थरात थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. म्हणजे तुम्ही लाईट लावा किंवा लावू नका, फुल भरलेल्या सेलमध्ये हे काम रात्रंदिवस चालूच असतं.

आकड्यात सांगायचं तर सर्वसाधारण सेल ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर ठेवला तर त्याची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तोच १०० टक्के भरून ठेवला तर ८० टक्क्यांच्या आसपास. ४० अंशांत फुल भरून ठेवला तर ६५ टक्क्यांवर येतो, अर्धवट भरून ठेवला तर ८५ वर राहतो. सेलच्या जातीप्रमाणे हे आकडे पुढेमागे होतात, पण प्रमाण असंच असतं.

आता हे आकडे तुमच्या गोष्टीला लावून बघा, तर एक हिशोब जुळत नाही. जून ते सप्टेंबर खानापूरकडे घराच्या आत फार तर २४-२५ अंश असतात. त्या थंडाव्यात फुल भरलेल्या पॅकची क्षमता चार महिन्यांत आठ-दहा टक्के कमी होईल. दोन तासांचे चाळीस मिनिटं होणार नाहीत. म्हणून फक्त या पावसाळ्याला दोष देऊ नका. मला तुम्हाला विचारायचंय की मार्च ते मे हा पॅक कुठं होता? "नेहमीच्या जागी" असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो माळाच. माळ्याच्या वर पत्रा असेल तर एप्रिलच्या दुपारी तिथं हात ठेववत नाही. तिथं फुल भरून उन्हाळे काढलेला पॅक आधीच खंगलेला असणार. तुम्ही रोज पाऊण-एक तासच वापरत होता तोवर ते लक्षात आलं नाही, एवढंच.

पॅकची दुसरी बाजूही बघायला हवी. दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. दोघं मिळून फुल भरल्यावर ८.४ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकी ४.२. कालांतरानं त्यातला एक सेल दुसऱ्यापेक्षा लवकर झिजतो. मग चार्ज करताना एक सेल ४.२ ला पोचतो तेव्हा दुसरा ३.८ वरच असतो, आणि आतला संरक्षक बोर्ड भरलेल्या सेलला वाचवण्यासाठी चार्जिंग तोडतो. चार्जरवर हिरवा दिवा लागतो, तुम्हाला वाटतं पॅक भरला. प्रत्यक्षात अर्धाच भरलेला असतो. बैलजोडीतला एक बैल दमला की गाडी त्याच्याच चालीनं जाते, तसं हे आहे.

तिसरी शक्यता सगळ्यात स्वस्त आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. पॅकची पिन. पावसाळ्यात पिनेवर हिरवट थर धरतो. त्या थरातून करंट नीट जात नाही, मोठ्या उजेडावर व्होल्टेज तिथंच पडतं, आणि लाईटला वाटतं बॅटरी बसली.

हे तिन्ही घरी ओळखता येतं. साधा मल्टिमीटर आणा, फार महाग येत नाही, आणि सायकल चालवणाऱ्याच्या घरी तो असावाच. पॅक चार्ज करून, चार्जरवरून काढून तासभर तसाच ठेवा आणि मग पिनेवर व्होल्टेज बघा. ८.३ च्या वर असेल तर दोन्ही सेल बरोबरीनं भरतायत. ८.० च्या आसपास अडकत असेल तर एक तर एक सेल मागं पडलाय, नाहीतर चार्जरच कमी देतोय. मग लाईट मोठ्या उजेडावर लावा. चाळीस मिनिटांनी ती बसली की पॅक काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि परत मोजा. पॅक परत ७.४ किंवा त्याहून वर आला तर आत बऱ्यापैकी चार्ज शिल्लक आहे, तो बाहेर पडत नाहीये. म्हणजे पिन खराब आहे किंवा सेलचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढलाय. तसं असेल तर हीच लाईट लहान उजेडावर लावली की चांगली तीन-चार तास चालेल. आणि पॅक ६.५ च्या खालीच राहिला तर तो खरोखर रिकामा झालाय, क्षमताच गेलीय.

पिन साफ करायला खोडरबर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस पुरे. खोबरेल तेल लावू नका. आपल्याकडे गंजावर खोबरेल तेल लावायची सवय आहे, पण त्यावर धूळ बसून चिकटा होतो आणि कनेक्शन आणखी बिघडतं.

मागच्या लाल लाईटचं वेगळं आहे. तिच्यात चपट्या पाकिटासारखा छोटा सेल असतो, तीनशे ते पाचशे एमएएचचा (एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). तिचं बटण दाबून सोडायचं असतं, खटका नसतो. असं बटण असलं की आतला बोर्ड कधीच पूर्ण बंद होत नाही, बटण दाबलं जाईल याची वाट बघत थोडा थोडा करंट खातो. समजा तो ०.१ मिलिअँपिअर खातोय. दिवसाला २.४, महिन्याला ७२, चार महिन्यांत २८८ एमएएच. तीनशेचा सेल यात बसलाच. शिवाय पिशवीत दुसऱ्या कशानं तरी बटण दाबलं गेलं असेल तर एका रात्रीत बसला असेल आणि पुढचे चार महिने रिकामा पडून असेल.

रिकामा सेल पडून राहणं का वाईट? साधारण ३ व्होल्टच्या खाली सेल उतरला की बोर्ड लाईट बंद करतो, पण सेल आतल्या आत उतरतच राहतो. २ व्होल्टच्याही बराच खाली गेला की ग्राफाइट ज्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर लावलेलं असतं, ते तांबं द्रवात विरघळायला लागतं. मग परत चार्ज केलं की ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. असा सेल चार्ज होईलही, चार दिवस चालेलही, आणि पाचव्या दिवशी चार्जिंगवर असताना तापेल. म्हणून खोल उतरलेला सेल दुसऱ्या बॅटरीला जोडून "उठवायचा" प्रकार मी करत नाही. लोक आग्रह करतात, "एकदा बघा की उठतोय काय." नाही म्हणते.

तुमचा ठिपका लुकलुकतोय याचा अर्थ असा असू शकतो की चार्जिंगची चिप सेलला चाचपून बघतेय. सेल फार उतरलेला असला की चिप आधी अगदी थोडा करंट देते, आणि ठरावीक वेळात व्होल्टेज चढलं नाही तर हात काढून घेते. एकदा, फक्त एकदा, डोळ्यांसमोर, फरशीवर ठेवून तासभर लावून बघा. पण आधी लाईट सपाट जागी ठेवून बघा, कव्हर फुगलंय काय, सांधा उघडलाय काय. थोडी जरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका. फुगणं म्हणजे आत द्रवाचा वायू झालाय. ती टोचून वायू सोडायचा नाही, दाबून बसवायची नाही.

त्याआधी एक बघा, तुम्ही केबल कुठली वापरताय. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या केबलवर आणि नव्या मोबाईल चार्जरवर काही स्वस्त लाईटी चार्जच होत नाहीत, कारण त्यांच्या सॉकेटमध्ये चार्जरला ओळख पटवणारे रोध बसवलेले नसतात. एका टोकाला जुना रुंद यूएसबी असलेली केबल आणि साधा पाच व्होल्टचा चार्जर घेतला की चालू होतात. अशा "मेलेल्या" लाईटी माझ्याकडे केबल बदलून उठल्यात.

आता महिन्याला पूर्ण उतरवण्याचा सल्ला. तो चुकीचा आहे, पण सांगणारे खोटं बोलत नाहीत. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना तो लागू होता; त्या अर्धवट वापरून परत परत भरल्या की तेवढंच "लक्षात ठेवायच्या." लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तिला ही सवय नाही. हिला उलट अर्धवट वापर मानवतो. ८० टक्क्यांवरून ३० वर आणि परत ८० वर, असं चालवलं तर १०० ते ० करण्यापेक्षा किती तरी जास्त फेऱ्या देते. तुम्ही दर महिन्याला शून्यावर आणत राहिलात तर उगाच झीज कराल.

मग ठेवायची कशी? माझं उत्तर: अर्धी भरून, गार आणि कोरड्या जागी, लाईटपासून सुटी करून, आणि महिन्यातून एकदा बघून.

अर्धी म्हणजे प्रत्येक सेलला ३.७ ते ३.८ व्होल्ट, दोनच्या पॅकला ७.४ ते ७.६. मीटर नसेल तर लाईट फुल भरा आणि जेवढा वेळ चालते त्याच्या अर्धा वेळ लावून ठेवा. चार ठिपके असलेल्या लाईटवर दोन ठिपके दिसले की पुरे. यात काटेकोरपणा लागत नाही. ४० काय अन् ६० काय, फार फरक पडत नाही. १०० आणि ५ यांच्यापासून लांब राहायचं.

गार जागा म्हणजे फ्रीज नव्हे. फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढली की पावसाळी हवेत तिच्यावर दव धरतं आणि पाणी पिनांत जातं. आपल्या भागात त्याची गरजच नाही. जमिनीजवळचं लाकडी कपाट, भिंतीतलं फडताळ, पूर्व-पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली. माळा नको, पत्र्याखालची पडवी नको, चुलीशेजारचा किंवा इन्व्हर्टरशेजारचा कोनाडा नको.

इथं तुम्ही कुठं राहता यावर बरंच अवलंबून आहे. आपला जिल्हा एका टोकाला कणकुंबी-जांबोटीचा, तिथं पाऊस महिनाभर उघडत नाही, भिंतींना बुरशी येते. दुसऱ्या टोकाला अथणी-रायबाग, तिथं पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. तुमच्या खानापूरकडे बॅटरीचा शत्रू ओल आहे, अथणीकडच्या माणसाला उष्णता. अथणीचा कुणी हे वाचत असेल तर त्यांनी पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेची काळजी करावी आणि पॅक घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवावा. खानापूर, चंदगड, आंबोलीच्या बाजूच्यांनी डब्याकडे लक्ष द्यावं.

डबा प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा. आत बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. तांदळात पुरून ठेवू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पूड सॉकेटमध्ये जाऊन बसते. तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलंत, त्यात अडचण अशी की बांधताना आत गेलेली दमट हवा आतच राहिली. डबा कोरड्या उन्हाच्या दिवशी भरा, मे महिन्यात. पावसाळ्याची बेगमी म्हणून सांडगे-पापड वाळवून भरतो तेव्हाच हे काम उरकायचं, मी तसंच करते.

सुटे १८६५० मापाचे गोल सेल असतील तर प्रत्येकाला त्याचा खण हवा. स्टीलचा डबा, नाण्यांचा गल्ला, पान्यांची पेटी, यांत कधीच नको. हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, दिसायला निरुपद्रवी, पण किल्लीनं दोन टोकं जोडली गेली तर खिशात आग लागते. खण नसतील तर टोकांना इन्सुलेशन टेप लावा.

आणि महिन्यातून एकदा बघायचं. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी संकष्टी धरलीय. चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं, त्या वेळात डबा उघडते, प्रत्येक पॅकचं व्होल्टेज डब्यातल्या कागदावर लिहिते. एखाद्याचा आकडा सेलमागे ३.५ च्या खाली येतोय असं दिसलं की चार्ज करून परत अर्ध्यावर आणते. कागदावर आकडे असले की कुठला सेल दुसऱ्यांपेक्षा भराभर उतरतोय ते डोळ्यांना दिसतं, आणि तोच पुढं दगा देणारा असतो. मागच्या लाल लाईटसारखी बॅटरी आतच असेल तर व्होल्टेज मोजता येत नाही; ती दर संकष्टीला लावून बघायची, अर्धा तास चार्ज करायची, परत ठेवायची. काही लाईटींना बटण जास्त वेळ दाबून कुलूप लावायची सोय असते, ती आहे काय ते माहितीपत्रकात बघा.

रोजच्या वापराबद्दल फार धास्ती घेऊ नका. बॅटरी जपायची म्हणून अर्धी भरून पहाटे घाटात जायचं आणि परतताना अंधारात राहायचं, हे मला पटत नाही. लाईट दिसण्यासाठी आहे, बॅटरी त्यासाठी आहे. दुसऱ्या दिवशी जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फुल भरा. आठ-दहा तास फुल राहिल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते रविवारी येऊन फुल भरून पुढच्या रविवारपर्यंत तशीच ठेवल्यानं. आल्यावर नाही, जायच्या आधी भरायची. एवढी एक सवय बदलली तर निम्मं काम झालं.

आल्यावर लगेच न भरण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी नुकसान सोसून शिकले. एका जुलैत जांबोटीहून भिजत आले, विसरायला नको म्हणून लाईट तशीच ओली चार्जिंगला लावली. सॉकेटमध्ये पाण्याचा थेंब होता. पाणी आणि व्होल्टेज एकत्र आलं की धातू फार लवकर कुरतडला जातो. सकाळी सॉकेटच्या दोन पिना हिरव्या पडून झिजल्या होत्या, लाईट पुन्हा चार्ज झाली नाही. तेव्हापासून पावसातून आल्यावर रबरी झाकण उघडून, सॉकेट खाली करून, पंख्याखाली रात्रभर ठेवते आणि सकाळी भरते. लाईटवर आयपीएक्स ४ लिहिलेलं असेल तर तिला शिंतोडे सोसतात, आयपीएक्स ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण ते झाकण नीट बसलेलं असताना. झाकणाचं रबर चिरलं की त्या आकड्याला अर्थ राहत नाही. रबराला वर्षातून एकदा किंचित सिलिकॉन ग्रीस लावा.

चार्जरबद्दल थोडं कडक बोलते, कारण यात घर जळू शकतं. दोन सेलच्या पॅकचा चार्जर ८.४ व्होल्टचा असतो. त्याची गोल पिन आणि घरातल्या वायफायच्या किंवा सीसीटीव्हीच्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरची पिन बऱ्याचदा एकाच मापाची असते. चार्जर सापडला नाही की माणूस तोच लावतो. पिन बसते, म्हणजे चालत असेल असं वाटतं. माझ्याकडे आलेल्या एका पॅकवर हेच झालं होतं. आतल्या बोर्डानं स्वतः जळून सेल वाचवले, नाहीतर दिवाणावरच चार्जिंगला लावलेला होता. आजच त्या चार्जरला रंगीत टेप गुंडाळा आणि पॅकला त्याच रंगाची. चार्जिंग शहाबादी फरशीवर किंवा कडाप्प्यावर, वर काही न झाकता, आणि घरात कुणी जागं असताना करा. गादीवर, सोफ्यावर, लाकडी देव्हाऱ्याशेजारी नको. उन्हातून आलेली गरम लाईट गार होऊ द्या. ४५ अंशांच्या वर चार्ज करणं सेलला सोसत नाही. मे महिन्यात सायकली गाडीवर टाकून गोव्याला किंवा आंबोलीला जाता तेव्हा लाईटींची पिशवी बंद गाडीत काचेखाली सोडू नका, त्या उष्णतेत झीज फार भराभर होते. वास आला, फुसफुस आवाज आला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग जमलं तर चिमट्यानं अंगणात टाका आणि भरपूर पाणी ओता. या छोट्या बॅटऱ्यांना पाणी चालतं, ते त्यांना गार करतं. धूर मात्र श्वासात घेऊ नका, तो विषारी असतो.

पॅकमधले सेल बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम, एकाच जातीचे घ्यायचे. एक जुना एक नवा जोडला की वर सांगितलेलं बैलजोडीचं दुखणं पहिल्या दिवसापासून सुरू. आणि आकड्याला भुलू नका. १८६५० मापाचा चांगला सेल ३५०० एमएएचच्या आसपासचा असतो. ज्यावर ९९०० छापलंय तो खोटा आहे, मग तो कुठल्याही रंगाचा असो. वजन करून बघा: खरा सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. असाच ९९०० लिहिलेला एक सेल मी शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला होता, तो तीस ग्रॅमही भरला नाही. पाच-सहाशे रुपये वाचवायला गेलेल्या माणसाला पहाटे महामार्गावर अंधारात उभं राहावं लागतं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

खराब झालेली मागची लाईट कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडतो आणि आग लागते. देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नियम लागू आहेत. त्यांनुसार बॅटरी पुरण्याला आणि जाळण्याला बंदी आहे, आणि बनवणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. विकत घेतलेल्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, तोवर अंगणात मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत ठेवा.

तुमच्या पुढच्या पॅकची पिन आधी साफ करून, वर सांगितलेली दोन मापं घ्या आणि मला कळवा: चार्जनंतर तासाभरानं किती आणि बसल्यावर वीस मिनिटांनी किती. शिवाय पॅक कधी घेतला ते वर्ष. त्यावरून पिनेवर भागतंय, सेल बदलायचे की नवा पॅकच घ्यायचा हे सांगता येईल. बेळगावला घेऊन येणार असाल तर चार्जर बरोबर आणा, नुसता पॅक नको. तो खरोखर ८.४ देतोय काय, हे बघितल्याशिवाय मी नवे सेल त्यावर लावणार नाही.